पांढऱ्या खारात जगली, काळ्या चोपणात मेली: वाळवा तालुक्यातल्या कोयनेलच्या कुंपणाचे प्रकरण

वाळवा तालुक्यातली सव्वा एकर काळी जमीन. वरच्या अंगाला पाणंद, खालच्या अंगाला ओढा, आणि पाणंदीपासून ओढ्यापर्यंत उतरत जाणारा १२० मीटरचा बांध. या बांधावर ऑगस्टमध्ये कोयनेलची ८०० रोपे लावली. दोन ओळी, प्रत्येक ओळीत ३० सेंटिमीटर अंतर, एका ओळीतले रोप दुसऱ्या ओळीच्या सांध्यात. शेळ्या-गुरे खात नाहीत, खाडीकाठी आपोआप वाढते, म्हणजे खारवट जमिनीत नक्की येणार, एवढ्या हिशेबावर शेतकऱ्याने हे झुडूप निवडले. मार्चपर्यंत २९१ रोपे मेली.

(शेत नमुन्यादाखल घेतले आहे. तपासणीचे आकडे मात्र कृष्णाकाठच्या अशा जमिनींत येतात त्याच पल्ल्यातले आहेत.)

नुसती मर झाली असती तर पाणी कमी पडले, रोपे कोवळी होती असे म्हणून प्रकरण मिटले असते. पण मर कुठे झाली ते मोजल्यावर कोडे पडले. पाणंदीकडच्या पहिल्या ४० मीटरांत २६६ रोपांपैकी १२ मेली. मधल्या ५० मीटरांत, जिथे उन्हाळ्यात पांढरा खार फुटतो आणि उसाचे डोळे उगवतच नाहीत, तिथे ३३४ पैकी ८८ गेली. ओढ्याकडच्या शेवटच्या ३० मीटरांत खार दिसत नाही, जमीन काळीभोर दिसते, आणि तिथे २०० पैकी १९१ मेली. ज्या तुकड्यावर मीठ डोळ्यांना दिसते तिथे तीन चतुर्थांश रोपे जगली, आणि जिथे दिसत नाही तिथे जवळजवळ सगळी गेली.

इथे दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्या होत्या. एक रोपाच्या ओळखीची, दुसरी जमिनीच्या ओळखीची.

लावले ते सगळे कोयनेल होते का?

मधल्या टप्प्यात मर सलग नव्हती. चार-पाच रोपे टवटवीत, मग एक वाळलेले, पुन्हा तीन चांगली, असा विस्कळीत प्रकार होता. जमिनीचा दोष असा एक सोडून एक येत नाही. तो पट्ट्याने किंवा थारोळ्यासारखा येतो. म्हणून आधी रोपे तपासली. वरच्या जिवंत भागात नीट पाहिले तर पाचातले एक झाड निराळे होते: फांद्या लवचिक, खाली झुकणाऱ्या, पानाच्या वरच्या निम्म्या कडेला बारीक दाते. ते डुरांटा होते. रोपवाटिकेत दोन्ही कुंपणाची रोपे शेजारी ठेवतात, फुले नसताना दोन्हींची पाने समोरासमोर येतात, उंची सारखीच असते, आणि गाडी भरताना पिशव्या मिसळतात. वरच्या भागात मीठ नव्हते म्हणून तिथले डुरांटा खुशाल वाढले. मधल्या भागात तेच करपले. डुरांटा थोडी क्षारता सोसते, पण इथे होती तितकी नाही. मधल्या ८८ मृत रोपांपैकी ७० डुरांटा निघाली, म्हणजे तिथे खरी कोयनेल फक्त १८ मेली.

कोयनेल हातात घेऊन ओळखायची ती अशी. पाने समोरासमोर, क्वचित एका पेरावर तीन. लांबी ३ ते ८ सेंटिमीटर, लंबगोल, कड सरळ, कुठेही दाता नाही. वरची बाजू गुळगुळीत आणि तुकतुकीत हिरवी, खालची फिकट. उन्हाकडे धरून खालच्या बाजूला बारकाईने पाहिले तर सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. पान चुरगाळले की उग्र, नकोसा वास येतो आणि चव कडवट असते, जनावरे तोंड लावत नाहीत ती त्यामुळेच. कोवळी फांदी राखाडी, किंचित लवदार, अंगठ्याखाली फिरवली तर बोथट चौकोनी लागते. काटे कधीच नसतात.

फुले आली की शंका उरत नाही. पानाच्या बगलेत बहुधा तीन-तीनचा घोस, पांढरी बारीक नळी दोन-तीन सेंटिमीटर लांब, टोकाला पाच पाकळ्या, आणि त्यातून मांजराच्या मिशांसारखे बाहेर आलेले जांभळट-तांबूस चार पुंकेसर. फळ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, पेरूच्या बाळफळासारखे, वाळले की चार फाका होतात. फाकांचे कवच बुचासारखे हलके असते, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत किनाऱ्या-किनाऱ्याने पसरते. खाडीतली कोयनेल जाते ती अशी, कुणी लावल्याने नव्हे.

नावाचा घोळ इथे कामात अडथळा आणतो, म्हणून त्याबद्दल थोडे सांगायला हवे. याच झुडपाला वनजाई म्हणतात, आणि जाईच्या नावाने मागितले की दुकानदार कुसर किंवा रानजाईचा वेल पुढे करतो. लहान खारी नरवेल हेही याचेच जुने नाव, पण नुसती नरवेल म्हटले की ऐरणीच्या जातीचे झाड मिळते. तीही किनाऱ्याकडची, तिचीही पाने समोरासमोर आणि वासाची, मात्र फुले बारीक, हिरवट-पांढरी, फांदीच्या टोकाला तुऱ्यात येतात, लांब पुंकेसर नसतात. शास्त्रीय नाव पुस्तकागणिक बदललेले दिसेल: बहुतेक पुस्तकांत क्लेरोडेंड्रम इनर्मे, २०१० नंतरच्या लिखाणात व्होल्कामेरिया इनर्मिस. यातले दुसरे नावच लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये दिले होते, आता ते परत आले एवढेच. इनर्मिस म्हणजे बिनकाट्याची. कुळ पूर्वी निर्गुडी-सागवानाचे मानत, आता तुळशीचे.

कोकणातून फाटे आणू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. खाडीकाठच्या कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे, तिथे कोयता चालवू नये. आणि तिथे कोयनेलच्या शेजारीच गेवा हे विषारी चिकाचे झाड उभे असते. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते, अंगावर फोड येतात. गेव्याची पाने एकाआड एक असतात आणि देठ मोडताच दूध येते, कोयनेलच्या देठातून ते कधी येत नाही. किनाऱ्यावरच्याच भद्राक्ष या झुडपाचीही पाने एकाआड एक, मोठी, मांसल, आणि फूल अर्धे कापल्यासारखे दिसते. पिलू म्हणजे खाकण, त्याची पाने समोरासमोर पण जाड, आणि चावली तर मोहरीसारखी झणझणीत लागतात. सांगली-मिरजेत जुन्या बंगल्यांना आणि बागांना कोयनेलची कुंपणे आहेत. मालकाला विचारून कटाईच्या वेळचे फाटे घेतले तर कोकणात जायची गरजच नाही, शिवाय फुले पाहून खात्री करता येते.

काळा तुकडा गोड कसा नव्हता

डुरांटाचा हिशेब वजा केला तरी शेवटच्या ३० मीटरांचे उत्तर मिळत नव्हते. तिथे दोन्ही जाती सारख्याच मेल्या. शेतकऱ्याकडे आधीच्या वर्षीचा माती तपासणीचा कागद होता: सामू (म्हणजे पीएच) ८.५, क्षारता १.८. कागद खोटा नव्हता, नमुना खोटा होता. सगळ्या शेतातून आठ-दहा ठिकाणची माती घेऊन, एकत्र कालवून, अर्धा किलो पाठवली होती. तीन वेगवेगळ्या रोगांच्या माणसांचे रक्त एका बाटलीत घालून तपासावे तसे ते झाले.

एप्रिलमध्ये तिन्ही भागांचे वेगळे नमुने काढले, प्रत्येकाचे ० ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे दोन थर. वरच्या थराचे आकडे असे आले. पाणंदीकडचा भाग: सामू ८.१, क्षारता ०.६ डेसीसायमन प्रति मीटर (क्षारता मोजायचे एकक), विनिमययोग्य सोडियम ६ टक्के. मधला पांढरा भाग: सामू ८.३, क्षारता ४.१, सोडियम १७ टक्के. ओढ्याकडचा काळा भाग: सामू ९.२, क्षारता ०.९, सोडियम २८ टक्के.

क्षारतेचा एकच रकाना वाचणारा माणूस काळ्या भागाला जवळजवळ निर्दोष म्हणेल. इथेच घात होतो. क्षारता म्हणजे मातीच्या पाण्यात विरघळलेले एकूण मीठ. विनिमययोग्य सोडियम म्हणजे मातीच्या कणांना चिकटून बसलेला सोडियम. तो १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या वर गेला की जमीन चोपण. क्षारता ४ च्या वर पण सोडियम कमी, तर ती क्षारयुक्त. दोन्ही वाढलेले असले तर क्षारयुक्त-चोपण, मधला भाग तसा होता. आणखी एक खाच अशी की ४ ची मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीच्या अर्कावर ठरवलेली आहे. आपल्याकडचे कागद बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी या द्रावणावरचे असतात, त्यात मीठ पातळ होते. चिकण काळ्या जमिनीत खरा आकडा अडीच-तीन पटीच्या आसपास धरावा लागतो. म्हणजे मधल्या भागाची क्षारता ४.१ नव्हे, १० ते १२. उसाचे उत्पन्न १.७ पासूनच घटायला लागते आणि इतक्या क्षारतेत निम्म्याहून खाली येते. कोयनेल मात्र तिथे उभी राहिली, म्हणजे तिच्याबद्दल जे ऐकले होते ते खरेच होते.

एकाच बांधावर असा फरक पडायला कारण आहे. वरच्या शेतांना उपसा सिंचनाचे पाणी बारमाही, उसावर ऊस, पाट भरून पाणी. ते खाली झिरपते, उताराने सरकते आणि मधल्या सपाटीला उपळते. तिथे उन्हाने पाणी उडून जाते, मीठ मागे राहते, म्हणून खार पांढरा दिसतो. ओढ्याकडच्या भागातही एकेकाळी तसेच होते. पण तिथे ओढ्याची फूग, म्हणजे पुराचे तुंबून मागे सरणारे पाणी, चढते; २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर पाणी चांगलेच मुक्कामाला राहिले. त्या गोड्या पाण्याने सुटे मीठ धुऊन नेले आणि चिकटलेला सोडियम तसाच ठेवला. सुटे मीठ असते तोवर मातीचे कण एकमेकांना धरून असतात. ते गेले की सोडियमवाले कण सुटतात, पाण्यात पसरतात आणि मातीची भोके बुजवतात. वर काळपट, तेलकट थर दिसतो तो विरघळून वर आलेला सेंद्रिय अंश. लोक त्याला कसदार काळी समजतात.

हे घरी पाहता येते, आणि प्रत्येक शेतकऱ्याने एकदा तरी पाहावे. काचेचे तीन पेले घ्यावेत. पावसाचे साठवलेले पाणी किंवा गाडीच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी भरावे. विहिरीचे किंवा बोअरचे चालत नाही, त्यातले क्षार परीक्षा बिघडवतात. प्रत्येक भागातले वाळलेले, हरभऱ्याएवढे ढेकूळ अलगद सोडावे आणि पेल्याला हात लावू नये. पाणंदीकडचे ढेकूळ दहा मिनिटांत ढासळून तळाशी बसले, वरचे पाणी नितळ राहिले. मधले ढासळले, पाणी तेही नितळ. काळ्या भागाच्या ढेकळाभोवती दोन तासांत दुधाळ कडे धरले, आणि दुसऱ्या सकाळी अख्खा पेला गढूळ चहासारखा झाला, तळ दिसेना. तो गढूळपणा म्हणजे सुटलेली चिकण माती. शेतात हीच माती भोकांत जाऊन बसते.

मधल्या भागाच्या पेल्यातले पाणी अलगद ओतून पुन्हा शुद्ध पाणी भरले, असे दोनदा केले, तेव्हा तिसऱ्या खेपेला तिथेही धुरकट कडे दिसू लागले. याचा अर्थ जपून घ्यायला हवा: मधला पांढरा तुकडा जिप्सम (कॅल्शियमयुक्त भूसुधारक) न घालता नुसत्या पाण्याने धूत राहिले तर तो काळ्या तुकड्यासारखा होईल.

खाडीतली कोयनेल इथे का गुदमरली

मीठ सोसणाऱ्या झाडांबद्दल मोठा गैरसमज असतो की त्यांना मीठ बाधतच नाही. बाधते. मीठ सोसणे म्हणजे मुळांनी सोडियम दारातच अडवायचा, आत शिरलेला बाहेर टाकायचा किंवा पेशीतल्या कप्प्यात कोंडायचा. या प्रत्येक कामाला ऊर्जा लागते, आणि ऊर्जेसाठी मुळाला हवा लागते. वाफसा गेला की मूळ दार धरू शकत नाही आणि मीठ सरळ पानात चढते. पाणथळ आणि खारट या दोन गोष्टी एकत्र आल्या की थोडे मीठही भारी पडते.

खाडीकाठी कोयनेल उभी असते ती भरतीरेषेच्या वरच्या अंगाला, वाळूमिश्रित उंचवट्यावर. भरतीचे पाणी आले तरी ओहोटीला निचरून जाते, मागे हवा येते. समुद्राच्या पाण्यात सोडियमबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतात. वरून कोकणातला पाऊस, रत्नागिरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, दरवर्षी मुळाजवळची जागा धुऊन काढतो. वाळव्याकडे त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास पाऊस, तोही चोपणात आत शिरत नाही. इथे बांधाच्या पायथ्याला ३० सेंटिमीटरचा खड्डा खोदून पाण्याने भरला तेव्हा दुसऱ्या दिवशीही त्यात बोटभर पाणी उभे होते.

मेलेली रोपे उपटून पाहिल्यावर उरलेलेही दिसले. पिशवीच्या आकाराचा लाल मातीचा गोळा तसाच, आणि मुळे त्याच्या बाहेर एक सेंटिमीटरही गेलेली नाहीत. लाल माती आणि शेणखताच्या भुसभुशीत मिश्रणात वाढलेले रोप चिकट काळ्या खड्ड्यात बसवले की खड्डा वाटीसारखा होतो. पाऊस भुसभुशीत गोळ्यात भरतो आणि वाटीतून बाहेर पडत नाही. मुळांच्या टोकांची साल दोन बोटांत धरून ओढली की मोज्यासारखी निघून आली, आत बारीक तार राहिली. कुजल्याचे हे पक्के लक्षण. मीठ लागून मेलेल्या रोपाची पाने कडेने करपत आत येतात, मुळे बराच काळ पांढरी राहतात. पाण्याने मेलेल्याचे पान आधी पिवळे, मलूल होते. वरच्या भागातल्या १२ मेलेल्या रोपांपैकी ५ तर पिशवीसकट लावलेली निघाली.

दुसरी लावण

वरच्या ४० मीटरांत फक्त डुरांटा काढून कोयनेल भरली. कुणी म्हणेल जगलेले झाड कशाला काढायचे. पण त्याची पिवळी-नारिंगी फळे लहान मुलांच्या पोटात गेली तर विषारी ठरतात, आणि हा बांध पाणंदीला लागून आहे. मधल्या भागात मेलेल्या जागा भरल्या आणि मे महिन्यात मीटरला अर्धा किलो जिप्सम वरून पसरून कुदळीने १० सेंटिमीटर आत मिसळले. खरे काम शेवटच्या ३० मीटरांचे होते.

सगळ्यात आधी चर. बांधाच्या बाहेरच्या अंगाने ६० सेंटिमीटर खोल, तळ ३० सेंटिमीटर, ३० मीटरांत १० सेंटिमीटरचा उतार धरून ओढ्यात काढला, तोंडाशी दगड रचले. चराआधी जिप्सम घालणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. जिप्सममधला कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम सोडवतो, पण सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नसेल तर तो तिथेच राहतो.

मग बांध: पाया १ मीटर, माथा ६० सेंटिमीटर, उंची ४५ सेंटिमीटर. मीटरला सुमारे ४५० किलो माती. जिप्समचा हिशेब असा केला. या मातीची धन आयन (सोडियम, कॅल्शियम वगैरे) धरून ठेवण्याची क्षमता १०० ग्रॅमला ५० मिलीइक्विव्हॅलंट (आयन मोजायचे एकक). सोडियम २८ टक्क्यांवरून १० वर आणायचा, म्हणजे १८ टक्के, म्हणजे ९ मिलीइक्विव्हॅलंट. एका मिलीइक्विव्हॅलंटला किलोभर मातीमागे ०.८६ ग्रॅम जिप्सम, म्हणजे ७.७ ग्रॅम. ४५० किलो मातीला साडेतीन किलो शुद्ध, आणि बाजारातले ८० टक्के शुद्धतेचे धरले तर साडेचार किलोच्या आत-बाहेर. त्यासोबत मीटरला १० किलो साखर कारखान्याचे कुजलेले प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ. ते सल्फिटेशन पद्धतीच्या कारखान्याचे असावे. कार्बोनेशन पद्धतीच्या प्रेसमडमध्ये चुना असतो, त्याचा या सामूला काही उपयोग नाही.

शेतकऱ्याला जूनमध्येच रोपे लावायची घाई होती, आणि ती इथे नडली असती. एका लिटर पाण्यात जिप्सम विरघळते अडीच ग्रॅमच्या आत. साडेतीन किलोला जवळपास दीड हजार लिटर पाणी लागते. मीटरभर बांधावर अख्ख्या पावसाळ्यात पडते फार तर पाचशे-सहाशे लिटर, त्यातलेही वाहून जाते. म्हणून पहिल्या वर्षी बांधावर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरले, ४५ दिवसांनी तिथेच गाडले. बांधाच्या माथ्यावर १० सेंटिमीटरची उथळ सरी ठेवली होती, तिच्यातून हिवाळ्यात नदीच्या पाण्याच्या चार पाळ्या दिल्या. बोअरचे पाणी मुद्दाम टाळले. पुढच्या मेमध्ये बांधाचा सामू ८.६ आला, तेव्हा लावणीला हरकत उरली नाही.

दरम्यान रोपे घरीच केली. फुले पाहून खात्री केलेल्या कुंपणातून पेन्सिलीइतक्या जाडीचे, ना कोवळे ना जून, १५ ते २० सेंटिमीटरचे फाटे फेब्रुवारीत काढले. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरपा, दोन पेरे मातीत, दोन वर, वरची पाने अर्धी छाटलेली. माती, वाळू, शेणखत समभाग. निम्म्या सावलीची जाळी. महिन्याभरात मुळे धरतात. ओलीचा अतिरेक केला तर फाटा खालून काळा पडून कुजतो. वरची पाने जिवंत दिसतात म्हणून हे उशिरा कळते.

जूनच्या शेवटी लावण्याआधी तीन आठवडे रोपांना मिठाची सवय लावली: पहिल्या आठवड्यात लिटरला १ ग्रॅम मीठ, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, आणि लावणीच्या आदल्या दिवशी गोड्या पाण्याने पिशवी धुतली. १ ग्रॅम मिठाचे पाणी म्हणजे सुमारे २ डेसीसायमन. गोड्या पाण्यावर वाढलेले रोप एकदम खाऱ्यात लावले की पहिल्याच आठवड्यात पाने टाकते.

या टप्प्यात दोन ओळींऐवजी एकच ओळ, ४५ सेंटिमीटर अंतर, ३० मीटरांना ६७ रोपे. पिशवीच्या गोळ्याच्या बाजू हाताने सैल करून, खड्ड्यात बांधाचीच माती वापरून लावली, म्हणजे वाटी होत नाही. रोप सरीच्या आतल्या उतारावर, काठाच्या टोकावर नाही. पाणी सुकत सुकत ज्या टोकाला चढते तिथे मीठ जमते, आणि बहुतेक लोक रोप नेमके तिथेच लावतात कारण तिथे ते उंच आणि सुरक्षित दिसते. ठिबक असेल तर ओलाव्याच्या कडेला असाच मिठाचा कडा बसतो. वळवाची पहिली हलकी सर आली की तो कडा आत मुळाकडे ढकलला जातो. म्हणून हलक्या पावसात ठिबक बंद करायचे नाही, उलट चालू ठेवायचे.

छाटणी ४५ सेंटिमीटर उंची झाली की ३० वर. जीव होत नाही म्हणून ही पहिली छाटणी लोक टाळतात आणि मग कुंपण वर दाट, खाली मोकळे होते, कोंबड्या आरपार जातात. पुढे वर्षाला तीन-चार छाटण्या, तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवून. छाटलेले फाटे ओल्या जागेत पडले तर मुळे धरतात, ते वेचून घ्यावे लागतात. पिठ्या ढेकूण पेरांत कापसासारखा बसलेला दिसला तर तेवढी फांदी कापून जाळायची. आणि ही बिनकाट्याची आहे हे विसरू नये: शेळी खाणार नाही, पण आडदांड म्हैस पहिली दोन वर्षे सरळ पार होईल. तोवर बाहेरून बाभळीच्या फांद्यांचे आडण लागतेच.

पुढच्या ऑक्टोबरची मोजणी

लावणीनंतर पंधरा-सोळा महिन्यांनी वरच्या आणि मधल्या भागातले कुंपण सलग मिटले होते, मधल्या भागाची उंची सरासरी मीटरभर. ओढ्याकडच्या ६७ पैकी ५८ जिवंत, उंची ५० ते ६० सेंटिमीटर, पाने जराशी लहान आणि फिकट पण कड करपलेली नाही. बांधाच्या मातीत सोडियम १४ टक्क्यांवर आला. बांधापासून दोन मीटर आत, शेतातला सामू तसाच ९.१. कोयनेलने जमीन सुधारली असे म्हणायला काहीच आधार नाही. सुधारला तो चर आणि जिप्सम मिळालेला बांध, आणि त्यावर कोयनेल जगली. आतल्या बारा-तेरा गुंठ्यांना सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचराच हवा, त्यासाठी शेजारच्या दोन शेतांनी एकत्र यावे लागेल, कारण पाइपाचे पाणी त्यांच्या हद्दीतून काढावे लागते. तोवर तिथे ऊस लावू नये. पॅरा गवत आणि कडेला करंज, अर्जुन एवढेच धरावे. वेडी बाभूळ चोपणात छान येते, पण ती एकदा शिरली की पुढची पिढी उपटत बसते, म्हणून ती नको.

मेलेली ९ रोपे एकाच जागी होती. ओढ्यापासून चार मीटरवर चराची कड ढासळून तळ भरला होता आणि त्या तेवढ्या तुकड्यात ओल माथ्यापर्यंत चढलेली होती. चर मेअखेर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये उपसायचा, आणि त्या जागी कडेला वाळा लावायचा, असे ठरले आहे.